दोघांचा रविवार आणि मित्रांसोबतची सुट्टी : मुंबई-ठाणेकरांचा अनुभव धागा

दोघंही नोकरीला असले की हाती उरतो तो रविवार, एखादी कामावरून सुटल्यानंतरची संध्याकाळ आणि मित्रमंडळींबरोबरची एखादी लांब सुट्टी. ठिकाण चुकल्याने सुट्टी वाया गेली असं क्वचित होतं. गाडीची वेळ, बोटीची वेळ, भरती, रेल्वेचा दुरुस्तीसाठीचा मेगाब्लॉक यांचा हिशोब आधी न केल्याने मात्र हमखास जाते. म्हणून इथे फोटो आणि प्रवासवर्णनं नकोत. दुसऱ्या जोडप्याला येत्या रविवारी वापरता येईल एवढंच लिहा, पण नेमकं लिहा. आलेल्या नोंदी लिहिणाऱ्यांच्या गावानुसार खाली आहेत.

डोंबिवलीहून

माथेरान एका दिवसात होतं, पण सकाळची लोकल पकडली तरच. कर्जत किंवा खोपोली, कोणतीही गाडी नेरळला थांबते. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक साधारण सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, तो सुरू व्हायच्या आत नेरळ गाठायचं. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे ते शनिवारी बघून ठेवा. रविवारी गाड्याही कमी असतात, रोजचं वेळापत्रक डोक्यात धरून निघू नका.

नेरळ-माथेरानची छोटी गाडी 1907 ची, अंतर 21 किलोमीटर, डबे मोजके. तिच्या तिकिटाच्या आशेवर दिवस लावू नये. स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते, ती भरल्यावरच सुटते. पुढे मोटारगाड्यांना बंदी. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर; जवळच्या अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीची शटल मिळाली तर उत्तम, नाहीतर चालत. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, वरची शटल चालू असते.

एका दिवसात सगळे पॉइंट करायचा अट्टाहास धरू नका. शार्लोट तलाव, एको, लुईझा हा पट्टा पुरे. पॅनोरमा अगदी दुसऱ्या टोकाला आहे, तो मुक्काम असेल तेव्हाच. लाल मातीने पांढरे बूट वाया जातात. खाऊ कापडी पिशवीत, पिशवी सॅकच्या आत. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की माकड ती ओढणारच.

विलेपार्ल्याहून

एकाचं ऑफिस अंधेरीला आणि दुसऱ्याचं ठाण्याला असेल तर भेटायचं ठिकाण घाटकोपर ठेवा. मेट्रो 1 अंधेरीहून थेट घाटकोपर स्टेशनाला लागते, ठाण्याकडून येणाऱ्याला गाडी बदलावी लागत नाही. मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून आरे किंवा बीकेसीकडून दक्षिण मुंबईतली संध्याकाळही आवाक्यात आली आहे. ती भुयारी आहे, नेटवर्क गृहीत धरू नका. तिकीट वर असतानाच काढा आणि भेटायची जागाही वरच ठरवा.

लोकलने एकत्र निघून ती लेडीज डब्यात आणि तो जनरलमध्ये असेल, तर ‘दादरला भेटू’ एवढं सांगून भागत नाही. कोणता फलाट, कोणता पूल, पुलाच्या वर की खाली, तिन्ही बोलून घ्या. गर्दीत फोन ऐकूच येत नाही.

अलिबागहून, सासर मुंबईत

मुंबईहून येणारी जोडपी कुलाबा किल्ल्यासमोर उभी राहतात आणि पाणी बघून परत जातात. भरतीचं गणित आमच्याकडे घराघरात ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि सकाळी नवाच्या आसपास ओहोटी.

नुसती वेळ जुळून उपयोग नाही. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, पण ती भांगेची, म्हणजे दुबळी. पाणी पुरेसं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप आत जातं, पण ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे मुंबईकराच्या कामाची नाही. मधल्या तिथी धरा. पहिल्या बोटीने येणार असाल तर चतुर्थी-पंचमी, जेवून निघायचं असेल तर एकादशी-द्वादशी. हा अंदाज रविवार निवडण्यापुरताच. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी चालायला लागा, पाणी वळायच्या आत बाहेर या.

गेटवेहून मांडव्याला बोट तासाभरात येते. बहुतेक तिकिटांत पुढची अलिबागची बस धरलेली असते, ती वीसेक किलोमीटर. रविवारी संध्याकाळच्या शेवटच्या बोटीवर कधीही भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. गाडी घेऊन यायचं असेल तर भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहे.

गिरगावातून

घारापुरीची लेणी सोमवारी बंद. धक्क्यापासून वर सुमारे 120 पायऱ्या आहेत, त्यामुळे ऊन चढायच्या आत पोचा. पाणी गेटवेलाच भरून घ्या.

ठाण्याहून

दिवसभराच्या भटकंतीला तिखटमिठाच्या पुऱ्यांइतकं भरवशाचं काही नाही. दोन वाट्या कणीक, पाव वाटी बेसन, एक चमचा रवा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चमचाभर तिखट, अर्धा चमचा हळद, ओवा, तीळ, मीठ. पीठ घट्ट भिजवायचं. सैल झालं की पुरी तेल पिते. पंचवीसेक पुऱ्या होतात, चौघांचा नाश्ता निघतो.

कोथिंबीर, दही, कांदा घालायचा नाही, ओलसरपणाने पुऱ्या लवकर खराब होतात. तळून कागदावर पूर्ण गार करा. रात्री गरम असतानाच डबा बंद केला तर आत वाफ धरते आणि सकाळी वास येतो. बरोबर लिंबाचं लोणचं, वेगळ्या छोट्या डबीत.

दादरहून

नाटकाची जागा निवडताना मागच्या रांगांपेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी, रंगमंच पूर्ण दिसतो. शिवाजी मंदिर स्टेशनपासून चालत आहे, तरी तिसऱ्या घंटेच्या अर्धा तास आधी पोचा. नाटक सुरू झाल्यावर अंधारात वाट काढत जाणं कलाकारांनाही त्रासदायक होतं.

मुलुंडहून

मित्रांसोबत तीन जोडपी निघाली की पहिला प्रश्न गाडीचा. सात आसनी गाडीत ड्रायव्हर सोडून सहा जण बसतात, पण तिसरी रांग उघडली की बॅगांना जागा उरत नाही. वर कॅरिअर हवं किंवा प्रत्येक जोडप्याची एकच मऊ बॅग. भाड्याच्या गाडीला रोजचे किमान किलोमीटर लागतात, बहुधा 250 किंवा 300, आणि मोजणी गॅरेज ते गॅरेज. तारकर्लीला दोन दिवस पाण्यात पाय सोडून बसलात तरी त्या दोन दिवसांचे किमान किलोमीटर भरावेच लागतात. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग निराळं. म्हणून एका जागी मुक्काम असेल तर रेल्वे आणि तिथली रिक्षा, फिरस्ती असेल तर गाडी.

पैशांसाठी निघण्याआधी काँट्री, म्हणजे प्रत्येकाचा वाटा, जमवा, एकाच्याच हातात द्या. खोली जोडप्यामागे, गाडी सीटमागे, जेवण माणशी. पिणाऱ्यांचं बिल पूर्ण वेगळं, यात संकोच करू नका, मैत्री टिकते. मासळीच्या थाळीचा भाव माशावर आणि तुकड्यावर ठरतो, तो थाळी मागवण्याआधी विचारा. मंडळींत कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी आहे ते तारीख ठरवतानाच बघा, नाहीतर मालवणात जाऊन अर्धी माणसं साबुदाणा शोधत बसतात. हिशोब रोज रात्री वाचून दाखवा. गावात नेटवर्क गेलं की यूपीआय थांबतं, थोडी रोकड ठेवाच.

बोरिवलीहून

कोकण रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून. एका तिकिटावर सहा जण, तत्काळला चारच. आठ जण असाल तर चार-चारची दोन तिकिटं, दोन जणांनी एकाच वेळी काढायची. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलितचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, त्या क्षणी ते जमत नाही.

परतीचे 60 दिवस परतीच्या तारखेपासून मोजायचे. तीन रात्रींचा मुक्काम असेल तर परतीचं तिकीट तीन-चार दिवस उशिरा उघडतं आणि नेमकं तेच राहून जातं. गणपती, मे आणि नाताळात परतीची गाडी जास्त भरते, त्यामुळे त्या दिवसाचा गजर आजच लावा. मालवणला जायचं तर उतरायचं कुडाळला, पुढे रस्त्याने तीसेक किलोमीटर. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालतात आणि वेळा बदलतात, पुढच्या रिक्षावाल्याला नवीन वेळ कळवा. सिंधुदुर्गची बोट पावसाळ्यात बंद, तेव्हा किल्ला बघायचाच असेल तर दिवाळीनंतरची तारीख धरा.