मदत हवी आहे: चवथीचे कपडे, खात्रीच्या हातमागाचे (गोवा)

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहते. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरातल्या सहाजणांना कपडे घ्यायचेत, सगळे मिळून आठ-नऊ हजारांत. यंदा पॉलिएस्टर नको असं ठरवलंय. धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात आणि शेवटी नदीला, समुद्राला जाऊन मिळतात. शिवाय ज्यांनी विणलं, शिवलं त्यांना धड मजुरी मिळाली असेल असाच कपडा हवाय.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून 'शुद्ध खादी' म्हणून दोन कुर्ते आणले होते. अंगाला चिकटायला लागले म्हणून आतल्या कडेचा धागा उसवून जाळून पाहिला (कापडाचा, शिलाईचा नव्हे, शिलाईचा बऱ्याचदा पॉलिएस्टरच असतो). सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरगळते. याची कडक काळी गुठळी झाली. फार वाईट वाटलं. पण दुकानात काडी कशी पेटवणार? तिथल्या तिथे ओळखायची काही रीत आहे का?

सासूबाईंना कुणबी साडी घ्यायचीय. त्यांच्या लहानपणी भाताच्या लावणीला येणाऱ्या बायका आखूड नेसून खांद्यावर गाठ मारायच्या, ती लाल चौकडीची. त्यांना ती आठवण फार प्रिय आहे. मला बाजारात दाखवली तिची चौकडी उलट्या बाजूला फिकी होती, म्हणजे छापलेली. विणलेली चौकडी दोन्हीकडून सारखी दिसते. गोव्यातच हातमागावर विणलेली कुठे मिळेल? थेट विणकराच्या घरी जाता आलं तर सोन्याहून पिवळं. काणकोणपर्यंत यायची तयारी आहे, आणि घासाघीस करणार नाही.

मुलांच्या कपड्यांचं मात्र काहीच उमगत नाही. हॅण्डलूम मार्क असला की कापड हातमागाचं हे कळतं, रंग कसला ते कळत नाही. नुसतं 'ऑरगॅनिक कॉटन' लिहिलेलं असेल तर ते कापसाबद्दल झालं, शिवणाऱ्या बाईबद्दल नाही. गॉट्सच्या (GOTS, सेंद्रिय कापडासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) शिक्क्यात दोन्ही येतं: 'ऑरगॅनिक' दर्जाला किमान 95 टक्के सेंद्रिय धागा, वर प्रक्रियेतली रसायनं आणि कामगारांसाठीचे नियम. लेबलवरचा परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासताही येतो. असे मुलांच्या मापाचे कपडे गोव्यात कुणी प्रत्यक्ष दुकानात घेतलेत का? आणि 'बांबूचं कापड' म्हणून जे विकतात ते बहुतेक व्हिस्कोसच, रसायनात लगदा विरघळवून काढलेलं. म्हणून ते मी बाजूला ठेवलंय. चुकत असेन तर सांगा.

घरचे म्हणतात, इतकं कशाला खणत बसायचं. पण 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिलाई कामगारांना कामावर बोलावलं. 1,100 हून जास्त माणसं गेली. तेव्हापासून फार स्वस्त शर्ट हातात आला की माझा हात थांबतो.

अजून एक, खास आपल्याकडचं. चवथीला पाऊस असतोच आणि जाड सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, बुरशीचे ठिपके धरतो. पातळ विणीचं, लवकर वाळणारं सुती कापड कुणी वापरत असाल तर नाव सांगा. शुक्रवारी म्हापशाला आणि शनिवारी मडगावला जाणार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.