टिप्परवरून फ्लॅटबेड ट्रेलरवर जाताना काय काय माहीत असावे?

सांगे_टिप्पर
खाणपट्ट्यात टिप्पर चालवण्याचा अनुभव आहे, ट्रान्सपोर्टचा परवानाही आहे. आता मुरगाव बंदरातून स्टीलच्या कॉइल (पत्र्याच्या गुंडाळ्या) आणि पाइप बेळगाव-हुबळीकडे नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रेलरवर लागायचे आहे. नेमके काय वेगळे असते? मालकाला आधी काय विचारून घ्यावे?

साखळी_बेल्ट
टिप्परला हौदा असतो, फ्लॅटबेडला भिंतच नाही. माल धरून ठेवतात त्या साखळ्या, बेल्ट आणि खालचे घर्षण. क्रेनवाला माल ठेवून मोकळा होतो. गेटबाहेर माल सरकला की विचारणा तुम्हालाच होणार, म्हणून प्रत्येक साखळी स्वतः हाताने तपासल्याशिवाय गाडी हलवू नका.

20 टनांची एक कॉइल धरा, भोक आडवे, म्हणजे गाडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. अशी कॉइल ब्रेकला पुढे, म्हणजे केबिनकडेच झेपावते. बांधणीच्या युरोपीय मानकात पुढच्या बाजूला वजनाच्या 0.8 पट जोर धरतात, बाजूला आणि मागे 0.5 पट. म्हणजे पुढे 16 टन. क्रेडलखाली (कॉइल बसवायच्या चौकटीखाली) चांगले रबर मॅट असेल तर घर्षण त्यातले 12 टन पेलते, साखळ्यांना 4 उरतात. ओल्या लाकडावर घर्षण त्याच्या निम्मे झाले, तर साखळ्यांवर 10 टन येतात. 10 मिमीची ग्रेड 80 (जास्त ताकदीच्या पोलादाची) साखळी सरळ ओढीत 6.3 टन घेते, पण 45 अंशांत बांधली की कामाच्या दिशेने साधारण 4.4 टनच. म्हणजे भोकातून मागे ओढणाऱ्या दोन साखळ्या मॅटवर पुरतात, ओल्या लाकडावर नाही. मॅट नसेल तर मागा, आणि साखळीचा कोन शक्य तितका आडवा ठेवा. मागे सरकू नये म्हणून भोकातूनच पुढे ओढणाऱ्या दोन साखळ्या वेगळ्या. क्रेडलचे वेज (पाचरी) दोन्ही बाजूंनी घट्ट हवेत. कॉइल ट्रेलरच्या फळीला टेकली असेल तर वेज काम करत नाहीत.

बेल्टबद्दल एक गैरसमज फार आहे. 50 मिमीच्या बेल्टच्या लेबलवर 2500 लिहिलेले असते, ती सरळ ओढीतली ताकद. मालावरून टाकून हाताने रॅचेट (बेल्ट आवळायचा खटका) आवळला तर येणारा ताण काहीशे किलोच असतो. म्हणून कॉइलवरून दोन बेल्ट टाकले म्हणजे काम झाले, असे समजू नका. बेल्ट कडेवर घासतो तिथे कॉर्नर गार्ड हवाच. काप गेलेला बेल्ट परत वापरू नका, साखळीला गाठ कधीच मारू नका.

पहिल्या 10-15 किमीनंतर थांबून सगळे पुन्हा आवळा. लाकूड बसते, बेल्ट ताणतो. वेर्ण्याला एकदा, अनमोड घाट चढण्याआधी मोल्याला एकदा.

अनमोड_उतार
वरचे सगळे बरोबर. पण माल कुठे ठेवला आहे तेही बघा. एकूण वजन काट्यावर बरोबर येते आणि एक्सल तरीही चुकतो. 2018 पासूनच्या मर्यादा: पुढचा एक्सल 7 टन, चार टायरचा एकेरी एक्सल 11.5, जोड एक्सल 21, ट्रेलरचे तीन एक्सल मिळून 27. कॉइल फार पुढे आली की हॉर्सच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागच्या एक्सलवर भार चढतो. फार मागे गेली तर हॉर्स हलका पडतो आणि अनमोडच्या ओल्या चढावर चाके जागच्या जागी फिरतात.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याहून वरच्या गिअरमध्ये उतरू नका. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) आधी, पायाचा ब्रेक थोडा-थोडा, सतत दाबून नाही. ब्रेकचे ड्रम तापले की ब्रेक धरत नाहीत. ओल्या वळणावर अचानक ब्रेक लावला तर हॉर्स आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात. पावसाळ्यात घाटाचे आदेश बदलतात. जुलै 2025 मध्ये अनमोडचा रस्ता खचला होता. निघण्याआधी मार्ग विचारूनच निघा.

ट्रेलर जोडल्यावर किंगपिनचे (ट्रेलर हॉर्सला जोडणाऱ्या खिळीचे) लॉक डोळ्यांनी बघा, मग ट्रेलरचा ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलकेच ओढून बघा. हवेच्या टाकीतले पाणी रोज काढा.

काटापावती
मालकाला विचारायचे ते असे. साखळ्या, बेल्ट, मॅट, कॉर्नर गार्ड कोण देणार आणि किती? बंदरात किंवा उतरवणीला गाडी थांबली तर हॉल्टिंगचे (थांबून राहण्याचे) पैसे चालकाला मिळतात का, कितव्या तासापासून? पगार महिन्याचा की फेरीचा? ओव्हरलोडचे चलान कोण भरणार? कायद्याने दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. माल बाजूने, मागून किंवा उंचीने बाहेर आला तरी 20,000. तोंडी होकारावर जाऊ नका, मेसेजवर लिहून घ्या.

कागदांत ई-वे बिलाची (माल वाहतुकीच्या जीएसटी परवान्याची) मुदत स्वतः वाचा. साध्या मालाला 200 किमीला एक दिवस, ओव्हर डायमेन्शनल (ठरलेल्या मापाहून मोठ्या) मालाला 20 किमीला एक दिवस. गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत वाढवता येते. तेव्हाच ऑफिसला फोन करा. बंदरात हेल्मेट, सेफ्टी बूट, चमकणारे जॅकेट लागते. कामाचे तास कायद्याने 8, आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती.

सांगे_टिप्पर
आभार. ताडपत्रीचे काय? पावसात कॉइलला गंज आला तर?

साखळी_बेल्ट
कोल्ड रोल्ड (थंड असताना लाटलेल्या पत्र्याच्या) कॉइलला पाण्याचा डाग दिसला तरी घेणारा माल परत करतो. दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी टाका, पुढची तिच्यावर किमान एक हात चढवा. उलट केले तर वारा आणि पाऊस थेट फटीत शिरतात. ताडपत्री साखळ्या आवळून झाल्यावरच टाका, नाहीतर वेर्ण्याला थांबून काय तपासणार? आणि ओल्या कॉइलवर चढू नका, शिडी लावा. भरणीच्या वेळी दिसलेला ओलावा, डाग किंवा फाटलेले पॅकिंग बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) लिहून सही घ्या, फोटोही काढून ठेवा. उतरवताना हेच कागद उपयोगी पडतात.