तिसरीच्या पोरांना अद्भुत गोष्ट आणि वास्तववादी गोष्ट यातला फरक कसा सांगायचा?

खानापूरची बाई
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत तिसरीला शिकवते. उडता गालिचा आला की पोरं लगेच "खोटं!" म्हणून ओरडतात. गाडी अडते पुढे. बाजारात चुकलेल्या मुलाची गोष्ट वाचली, तर एकजण विचारतो, "बाई, तो कुठल्या गावचा ओ? घावला काय?" म्हटलं, अरे, लेखकानं रचलेली आहे. तर म्हणे, "मग ही पण खोटीच की!" आता काय सांगू?

निपाणीचा गुरुजी
बाई, आधी ते 'खरं-खोटं' फळ्यावरनं पुसा. दोन प्रश्न लिहा: असं घडू शकतं का? असं घडलंय का? पहिल्यालाच 'नाही' आलं तर अद्भुत. घडू शकतं, पण घडलेलं नाही, ती वास्तववादी. दोन्हीला 'हो' असेल तर ती हकिकत.
तुमची पोरं भीमगडच्या जंगलाकडची. अस्वल शेतात आलं म्हटलं तर कुणी हसणार नाही. तेच अस्वल बांधावर बसून "वहिनी, जरा काकवी द्या की" म्हणालं, की गोष्ट अद्भुतात गेली. वाक्य एकच बदललं. असली वाक्यं पोरांनाच घालू द्या, व्याख्या पाठ करून घेऊ नका. (तपासणीला येणाऱ्या साहेबांना व्याख्याच लागते, ती वहीत असू दे.)

टिळकवाडीतला बाप
गुरुजी, मग नंदगडचा वड कुठं बसवायचा? कित्तूरच्या राणी चन्नम्माकडून इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली तिथं फाशी दिली, हे घडलेलं. पण त्याची गी गी पदं (कानडीतले पोवाडेच म्हणा) ऐकताना आमचा पोरगा विचारतो, "एवढं सगळं त्यानं केलं काय ओ?"

निपाणीचा गुरुजी
माणूस खरा, साल खरं, तोंडचं बोलणं गाणाऱ्यानं घातलेलं. ती ऐतिहासिक. पण ते चौथी-पाचवीला घ्या.

खानापूरची बाई
दोन प्रश्न आज विचारले, जमलं. फक्त एक पोरगी उठून म्हणाली, "देवी अंगात येते हे घडू शकतं. आमच्या आजीच्या येतंय."

निपाणीचा गुरुजी
तिथं हात घालू नका बाई. घरात जे मानतात त्याचा निवाडा मराठीच्या तासाला करायचा नाही. पुस्तकातली, कुणीतरी रचलेली गोष्ट तेवढी तपासायची. आणि तिला म्हणावं, आजीवर दहा ओळी लिहून आण.