घरगुती स्वच्छतेची द्रव्ये: रिठा, सोडा आणि लिंबूसत्त्व यांपैकी कशासाठी काय वापरावे?

केतकी_मिरज

नमस्कार. आमचे मिरजेतील घर जुने असून स्वयंपाकघरात व माजघरात शहाबादी फरशी आहे. वापरायचे पाणी बोअरचे असल्यामुळे अतिशय जड आहे. नळांवर आणि न्हाणीघरातील टाइलांवर पांढरे थर साचतात, साबणाला फेस येत नाही आणि त्यामुळे तो दुप्पट खर्च होतो. त्यातच भांडी घासण्याच्या तयार द्रवाने सासूबाईंच्या बोटांची कातडी सोलवटून निघते. म्हणून घरातील स्वच्छतेची द्रव्ये शक्य तितकी घरीच, कमी खर्चात आणि साध्या पदार्थांपासून करावीत, असे आम्ही ठरवले आहे.

माहिती शोधताना व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून सगळीकडे वापरण्याची कृती जागोजागी आढळली. एकाच मिश्रणाने भांडी, फरशी आणि नळ हे सारे स्वच्छ होते का? जड पाण्यात रिठा चालतो का? आणि या खटाटोपात पैसे खरोखर वाचतात का? घरात रांगते मूल आहे, त्यामुळे सुरक्षिततेविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

रसायनशिक्षक

केतकीताई, आपण विचारलेल्या मिश्रणापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचा प्रसार फार झाला आहे आणि उपयोग फार थोडा आहे. व्हिनेगर आम्ल आहे आणि सोडा अल्कधर्मी आहे. दोन्ही एकत्र आले की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेट हा क्षार विरघळलेले पाणी उरते, ज्यात ना आम्लाचा गुण राहतो ना सोड्याचा. फेस पाहून मळ निघत असल्याचा भास होतो, एवढेच. दोन्ही पदार्थ उत्तम आहेत, पण ते वेगवेगळ्या कामांचे आहेत आणि वेगवेगळेच वापरले पाहिजेत.

नळावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लातच विरघळतो. यासाठी व्हिनेगरपेक्षा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच लिंबूफूल, मला अधिक योग्य वाटते. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये सुमारे ९५ टक्के पाणीच असते आणि आपण त्याचे पैसे मोजतो. उलट लिंबूसत्त्वाचे खडे कोरडे असतात, वर्षभर टिकतात आणि त्यांना उग्र वासही नसतो. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे, त्यात जुने फडके भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि नंतर घासून धुऊन टाकावे. थर जाड असेल तर हीच कृती पुन्हा करावी. उन्हाळ्यात लिंबांचे भाव कडाडतात, तेव्हा नळ धुण्यासाठी ताजी लिंबे पिळण्याचे काहीच कारण नाही.

मात्र हेच द्रावण आपल्या शहाबादी फरशीवर एक थेंबही पडू देऊ नका. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे तिन्ही दगड मूलतः कॅल्शियम कार्बोनेटचेच आहेत, त्यामुळे नळावरचा थर विरघळवणारे आम्ल फरशीलाही विरघळवते आणि तिची झिलई कायमची जाते. मोझेकच्या फरशीतही संगमरवराचे तुकडे असल्याने तिलाही हाच नियम लागू आहे. अशा फरशीला रिठ्याचे पाणी किंवा अगदी थोडा साबण पुरतो.

तेलकटपणा अल्कधर्मी पदार्थाने निघतो. खायचा सोडा त्यासाठी सौम्य पडतो. कपडे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, अधिक प्रभावी आणि स्वस्त आहे. चिकट झालेली खिडकीची जाळी किंवा शेगडीभोवतालच्या टाइला यांसाठी लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा पुरे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये, ती काळवंडतात व झिजतात. सासूबाईंनी या सोड्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये, कारण तो त्वचेतील स्निग्धांश काढून घेतो आणि तक्रार वाढेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण कधीही लिंबूसत्त्व, व्हिनेगर अथवा संडास धुण्याच्या आम्लाबरोबर एकत्र होऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडलेला वायू हाच होता, आणि दार लावलेल्या लहानशा न्हाणीघरात त्याची थोडी मात्राही घातक ठरू शकते.

सावंतवाडीकर

रसायनशिक्षकांनी रिठ्याचा उल्लेख केलाच आहे. त्याची कृती मी लिहितो. रिठे फोडून बिया टाकून द्याव्यात, कारण गुण सगळा सालीत असतो. पंधरा-वीस रिठ्यांच्या साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळाव्यात, निवल्यावर कुस्करून फडक्यातून गाळून घ्याव्यात. या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे पाण्याला फेस येतो. जड पाण्यात साबणाचा जसा चिकट साका जमतो तसा रिठ्याचा जमत नाही, म्हणून आपल्या बोअरच्या पाण्याला रिठा मानवेल. गाळलेले पाणी बाहेर ठेवल्यास दोन-तीन दिवसांत आंबते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. रेशमी आणि लोकरी कपड्यांसाठी तर याच्याइतके सौम्य दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही. डोळ्यांत गेल्यास मात्र फार झोंबते, तेव्हा बाळापासून दूर ठेवावे.

तांब्या-पितळेसाठी आमच्याकडे रातांब्याची सोले, म्हणजे आमसुले, भिजवून वापरतात. घाटावर चिंच वापरतात. दोन्हींत आम्ल आहे आणि चिमूटभर मिठाने त्याचा प्रभाव वाढतो. घासल्यावर भांडे लगेच धुऊन कोरडे पुसले पाहिजे, नाहीतर त्यावर हिरवट डाग येतात. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असेल तर आतल्या बाजूला राख, वाळू किंवा तारेची घासणी लावू नये, कारण कथिल मऊ असते आणि थर भराभर झिजतो. चुलीची चाळलेली राख नारळाच्या काथ्याने लावली की स्टीलची व लोखंडाची भांडी लख्ख होतात, पण राख निव्वळ लाकडाची असावी. रंगवलेल्या फळ्या किंवा प्लास्टिक जाळलेली राख भांड्यांना लावू नये.

संत्रानगरी

मी नागपूरचा असल्यामुळे संत्र्यांच्या सालींविषयी लिहिणे मला भाग आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी या प्रमाणात एकत्र आंबवून बायोएन्झाइम नावाचे स्वच्छतेचे द्रव करतात. ही पद्धत लोकप्रिय करण्याचे श्रेय थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानवाँग यांना दिले जाते. प्लास्टिकच्या बरणीत पाव भाग जागा रिकामी ठेवावी आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा. काचेची घट्ट बरणी घेऊ नये, कारण ती फुटू शकते. तीन महिन्यांनी गाळलेले तपकिरी, आंबट वासाचे पाणी न्हाणीघर, बेसिन आणि सिरॅमिक टाइलांसाठी चांगले आहे. एन्झाइम असे नाव असले तरी त्यातील स्वच्छतेचे बरेचसे काम आंबवण्यातून तयार झालेले ॲसेटिक आम्ल करते, असे माझे मत आहे. त्यामुळे केतकीताईंच्या शहाबादी फरशीला हेही चालणार नाही.

खर्चाविषयी स्पष्ट सांगायचे तर सर्वांत जास्त बचत सोडा आणि लिंबूसत्त्व यांत होते. साली फुकट असल्या तरी गूळ फुकट नसतो, म्हणून मी बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा काळपट गूळ घेतो. रिठ्याचा भाव गावागणिक बदलतो. पॅकबंद पुडीपेक्षा काष्ठौषधीच्या दुकानात सुटा घ्यावा.

केतकी_मिरज

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आमसुले आणि कल्हई यांविषयीची माहिती सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनाही ती पटली. एक शंका राहिली आहे: बाळ जमिनीवर रांगते, तर रिठ्याच्या पाण्याने फरशी पुसल्यावर जंतूही मरतात असे समजावे का?

रसायनशिक्षक

तसे समजू नये. रिठा मळ सोडवतो आणि मळाबरोबर बरेच जंतू पुसून निघतात, परंतु तो निर्जंतुक करणारा पदार्थ नाही. व्हिनेगरवरही त्यासाठी विसंबता येत नाही. रोजच्या पुसण्याला निर्जंतुकीकरणाची गरज नसते. घरात जुलाब-उलटीचा आजार असेल, तेव्हा आधी मळ पुसून घ्यावा आणि मग ब्लीचचे द्रावण डब्यावरील सूचनेप्रमाणे पातळ करून लावावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, सांगितलेला वेळ गेल्यावर फरशी साध्या पाण्याने पुसावी आणि ती वाळल्यानंतरच बाळाला खाली सोडावे. घरी केलेले कोणतेही द्रव्य शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहून ती वरच्या फळीवर ठेवा.