दुरुस्त केलेल्या सॅल्व्हेज गाडीचं फास्ट चार्जिंग कंपनीने कायमचं बंद करावं का?

एडिसनकर (न्यू जर्सी)

गेल्या महिन्यात टेस्लाची एक रिबिल्ट टायटलची मॉडेल ३ बघायला दोन तास गाडी चालवत गेलो. मागून कुणीतरी ठोकलेली. उजवा मागचा दरवाजा आणि त्यामागचा पत्रा बदललेला, रंग जुळलेला, बॅटरीच्या तळाला ओरखडाही नाही. किंमत परवडणारी होती. तरी घेतली नाही, कारण तिचं फास्ट चार्जिंग बंद आहे आणि ते पुन्हा सुरू होणार नाही.

इथली पद्धत माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या एका ठरावीक हिश्शावर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि तिच्या कागदांवर 'सॅल्व्हेज' शिक्का बसतो. कुणी ती दुरुस्त करून राज्याच्या तपासणीतून नेली की 'रिबिल्ट' होते आणि रस्त्यावर येते. टेस्ला अशा गाड्यांचं सुपरचार्जिंग, म्हणजे तिच्या स्वतःच्या फास्ट चार्जरवरचं चार्जिंग, बंद करते. २०२० च्या सुरुवातीला हेही उघड झालं की बंदी गाडीच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या डीसी फास्ट चार्जरवरही ती चार्ज होत नाही. उरतं घरचं चार्जिंग, म्हणजे सात-आठ किलोवॅट आणि अख्खी रात्र. लांबचा प्रवास विसरायचा.

माझा राग त्या शिक्क्यावर आहे. तो पैसे मोजतो, बॅटरी मोजत नाही. न्यू यॉर्कमध्ये खर्च किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की सॅल्व्हेज, टेक्ससमध्ये १०० टक्क्यांवर. म्हणजे तोच अपघात, तीच गाडी, फक्त राज्य वेगळं. गारपिटीने पत्रा चेपलेली गाडी सॅल्व्हेज होते. आणि ज्याने बॅटरीचा तळ दगडावर आपटला पण विम्याकडे न जाता खिशातून दुरुस्ती केली, त्याचे कागद स्वच्छ राहतात आणि त्याला फास्ट चार्जरचे २५० किलोवॅट खुले असतात!

बंदी घालूच नये असं मी म्हणत नाही. बॅटरी तपासून घाला. तपासणीचा खर्च मालक देईल, नापास झाली तर बंद करा. पण कागद बघून नको.

चाकणचा बॅटरीवाला

मी गाड्यांचे बॅटरी पॅक बनवण्याच्या कामात आहे, म्हणून आकड्यांत बोलतो. ४०० व्होल्टच्या वर्गातल्या पॅकला सात किलोवॅटने चार्ज करताना साधारण २० अँपिअर जातात. २५० किलोवॅटला ६०० च्या वर. प्रवाह तीसपट, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे एखादा बसबारचा (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) जोड धडकेत किंचित सैल झाला असेल तर तिथे नऊशेपट उष्णता. घरी रात्रभर काही न होणारा जोड फास्ट चार्जरवर लाल होऊ शकतो.

तुम्ही म्हणता तपासा. काय तपासू? इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजला तर पॅकमधून चॅसिसकडे गळती आहे का ते कळतं. सेलच्या व्होल्टेजमधला फरक बघितला तर मेलेला सेल सापडतो. कूलंटची गळती दाब देऊन सापडते. पण धडकेत एखादा सेल दबला आणि आतला सेपरेटर (सेलची दोन टोकं वेगळी ठेवणारा पडदा) एका जागी पातळ झाला, तर बाहेरून यातलं एकही माप ते दाखवत नाही. पुराची गाडी तर आणखी वाईट. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी पेटल्या. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तपासल्या असत्या तर त्यातल्या काही पास झाल्या असत्या.

ह्यूस्टनहून

बॅटरीवाले, तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. ही गाडी चालवताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की त्याच पॅकमधून, त्याच बसबारांतून शेकडो अँपिअर बाहेर येतात. सॅल्व्हेज गाडीत कंपनी ते थांबवते का? नाही. हायवेवर घरच्यांना बसवून पूर्ण ताकदीने पळवायला ती सुरक्षित आणि चार्जरला उभी असताना धोकादायक, हे मला पटत नाही.

चाकणचा बॅटरीवाला

प्रश्न रास्त आहे. दोन फरक आहेत. पूर्ण ताकद आपण पाच-सात सेकंद वापरतो, जोड तापेपर्यंत पाय उचललेला असतो. फास्ट चार्जिंगचा मोठा प्रवाह कितीतरी मिनिटं सलग चालतो. दुसरा फरक रसायनातला. चार्ज होताना प्रवाह सेलला झेपला नाही की लिथियम सेलमधल्या ग्राफाइटच्या थराच्या आत शिरायचं सोडून वरच धातू म्हणून साचतं आणि पुढे शॉर्टचं कारण होतं. बॅटरी रिकामी होताना हे होत नाही. दबलेल्या सेलमध्ये काही ठिकाणी प्रवाह एकवटतो, तिथे ही साच आधी सुरू होते.

ह्यूस्टनहून

मान्य. मग २५० ऐवजी ५० किलोवॅट द्या. सॉफ्टवेअरला मधला आकडा टाकता येत नाही असं तर नाही. २०२१ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या इलेक्ट्रिक बोल्ट गाड्या परत बोलावल्या, आगीचं कारण नव्याकोऱ्या सेलमधला दोष होता. तेव्हा मालकांना सांगितलं की चार्ज ९० टक्क्यांवर थांबवा, गाडी दुसऱ्या गाड्यांपासून ५० फूट दूर लावा, आणि पुढे बॅटरीचे मॉड्यूल बदलून दिले. दोष स्वतःचा होता तेव्हा मर्यादा घालून वाट काढली. दोष दुसऱ्याच्या धडकेचा असला की मधली वाटच संपते.

क्वीन्सची वकील

इथे सगळे बॅटरीबद्दल बोलताय, पण कंपनीच्या निर्णयामागे कोर्टाची भीती आहे आणि ती खोटी नाही. मी उत्पादन-दायित्वाच्या खटल्यांत काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अमेरिकेत सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याचं जे सूत्र १९६५ च्या रिस्टेटमेंटच्या (कोर्टं आधार घेतात त्या कायद्याच्या तत्त्वांच्या संकलनाच्या) कलम ४०२ अ मध्ये आहे, त्यातच एक अट आहे: वस्तू विकली त्या अवस्थेत फारसा बदल न होता वापरणाऱ्याकडे पोचलेली असावी. न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रॉबिन्सन विरुद्ध रीड-प्रेंटिस खटल्यात हेच धरलं. प्लास्टिकच्या मोल्डिंग यंत्राच्या संरक्षक दाराला ग्राहक कारखान्याने भोक पाडलं, कामगाराचा हात सापडला, आणि कोर्ट म्हणालं की विक्रीनंतर केलेल्या अशा बदलाचं ओझं उत्पादकावर नाही. इथवर एडिसनकरांची बाजू भक्कम वाटेल: दुरुस्ती दुसऱ्याने केली, मग कंपनीला कसली भीती?

पण १९९८ चा लिरियानो विरुद्ध होबार्ट बघा. सतरा वर्षांचा मुलगा, किराणा दुकानातलं खिमा करायचं यंत्र, गार्ड आधीच काढलेला. हात गेला. कोर्टाने सांगितलं की बदल कितीही मोठा असला तरी इशारा न दिल्याचा दावा उत्पादकावर टिकू शकतो. यंत्र बनवणाऱ्या होबार्टला लोक गार्ड काढतात हे माहीत झालं होतं, हा त्यातला कळीचा भाग.

आता गाडीकडे या. यंत्र विकलं की होबार्टचा त्याच्याशी संबंध संपत होता. टेस्लाला गाडी रोज दिसते. एअरबॅग उघडल्याचं कळतं, सॅल्व्हेज झाल्याचं कळतं, आणि चार्जिंगचं बटणही तिच्याच हातात आहे. इतकं माहीत असून परवानगी दिली आणि चार्जरवर शेजारची गाडी जळली, तर ज्युरीसमोर पहिला प्रश्न हाच येईल. माझ्या अशिलाला मी बंदच करायला सांगितलं असतं.

एडिसनकर

ताई, हे मला नवीन होतं, मनापासून आभार. पण त्यातूनच माझा मुद्दा निघतो. लिरियानोत प्रश्न इशाऱ्याचा होता. मग इशारा द्या, आणि योग्य वेळी द्या! लिलावात गाडी उभी असते तेव्हा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला की 'या गाडीचं फास्ट चार्जिंग बंद आहे, कारण अमुक' असं कुणालाही दिसलं पाहिजे. आज विकणारा सांगेल तेवढंच कळतं. मी गेलो त्या माणसाने मी विचारेपर्यंत सांगितलं नव्हतं.

आणि राज्यही हात झटकतं. न्यू यॉर्कची सॅल्व्हेज तपासणी चोरीचे भाग शोधते, ती सुरक्षेची तपासणी नाही असं तिथलं वाहन खातं स्वतःच म्हणतं. रिबिल्ट शिक्का पाहून लोकांना वाटतं गाडी कुणीतरी पारखली. कुणीच पारखलेली नसते.

क्वीन्सची वकील

व्हीआयएनवर उघड माहिती, याला माझा विरोध नाही. कायद्याने ते सक्तीचं करावं.

गॅरेजवाला, कोल्हापूर

आमच्याकडे हा वाद अजून यायचाय, पण गाड्या आल्यात. दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेली की इथेही विमा कंपनी टोटल लॉस धरते. फरक असा की अमेरिकेसारखा टायटलवरचा शिक्का आपल्याकडे नाही. सांगाडा विकला जातो, कुणीतरी उभा करतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आरसी बघून काही कळत नाही. २०१९ च्या पुरानंतर पेट्रोल-डिझेलच्या अशा कितीतरी गाड्या माझ्या दारात आल्या. गिऱ्हाईक सांगायचं 'स्टार्टिंगचा प्रॉब्लेम आहे', आणि सीटखालचं कार्पेट उचललं की चिखल.

इलेक्ट्रिकमध्ये तो चिखल मला दिसणार नाही, पॅक सीलबंद. म्हणून एडिसनकर, मला तुमच्यापेक्षा कंपनीचं जास्त पटतं. तुमच्याकडे निदान शिक्का तरी आहे म्हणून भांडताय.

पण एका गोष्टीत तुमच्या बाजूने. पॅकची आतली माहिती वाचायचं सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीची पुस्तकं स्वतंत्र गॅरेजला पूर्ण मिळाली पाहिजेत. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०२० मध्ये मतदान करून गाडीतून वायरलेस जाणारा डेटासुद्धा मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला खुला करायला लावला. मला वाचताच येत नसेल तर मी चांगलं काम केलं हे सिद्ध कसं करू?

एडिसनकर

पुराच्या गाड्यांबाबत मी मागे हटतो. खाऱ्या पाण्यात बुडालेली असेल तर कायम बंद, तपासणीचीही संधी नको. पण म्हणूनच शिक्क्यावर कारण लिहा: पूर, आग, धडक, गारपीट, चोरी. चोरीला जाऊन धडधाकट परत आलेली गाडी आणि समुद्रात बुडालेली गाडी एकाच शब्दाखाली का?

बॅटरीवाले, सरळ विचारतो. मी पाहिलेली ती मागचा पत्रा बदललेली गाडी, तुम्ही फास्ट चार्जरला लावली असती का?

चाकणचा बॅटरीवाला

गाडी घेतली असती. घरी निर्धास्त चार्ज केली असती. ह्यूस्टनवाल्यांचे ५० किलोवॅट मिळाले असते तर तेही वापरले असते. २५० ला लावण्याआधी मात्र पॅक उतरवून उघडला असता आणि त्या कोपऱ्यातला प्रत्येक जोड डोळ्यांनी बघितला असता. अडचण तुमच्या लक्षात आली असेल. मी पॅक उघडला की कंपनीच्या लेखी ती आणखी बदललेली गाडी होते. ते उघडणं फक्त कंपनीने केलं तरच मोजलं जाणार, आणि ती करत नाही. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूला आहे.