पीक विम्याच्या पावतीवरचे शब्द कुणी नीट समजावून सांगेल का? (सोयाबीन, मराठवाडा)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी नोकरीमुळे चाकणला असतो, शेती वडील बघतात. खरीप २०२५ चा सोयाबीनचा विमा त्यांनी गावातल्या सीएससीवाल्याकडून (ऑनलाइन सरकारी सेवा केंद्र) भरला, पावतीचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर टाकला आणि तेव्हापासून फोनवर एकच प्रश्न, पैसे कधी येणार. पावतीवर क्षेत्र ०.८० हे., विमा संरक्षित रक्कम ४४,८००, शेतकरी हिस्सा ८९६ असं आहे. पण योजनेच्या माहितीपत्रकात जोखीमस्तर ७० टक्के, उंबरठा उत्पन्न, विमा क्षेत्र घटक असले शब्द आहेत ते सगळे डोक्यावरून गेले. वडिलांचं म्हणणं असं की सप्टेंबरच्या पावसात निम्मं रान पाण्याखाली होतं, तलाठी पंचनामा करून गेला, मग निम्मे म्हणजे २२,४०० तरी मिळायलाच पाहिजेत. मला हे गणित बरोबर वाटत नाही पण का नाही तेही सांगता येत नाही. सोप्या भाषेत लिहा प्लीज, त्यांना वाचून दाखवणार आहे.

बांधावरचा बाभूळ:
दादा आधी पंचनाम्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. तलाठ्याने केला तो पंचनामा सरकारी मदतीसाठी, म्हणजे अतिवृष्टीचं अनुदान, कोरडवाहूला २०२५ ला हेक्टरी ८,५०० चा जो दर होता ना तो. तो पैसा वेगळा आणि विमा वेगळा. पंचनामा झाला म्हणून विमा मिळतो असं नाही आणि अनुदान आलं म्हणून विमा बुडतो असंही नाही.

आता शब्द. विमा संरक्षित रक्कम म्हणजे पीक पूर्ण गेलं तर जास्तीत जास्त किती मिळू शकेल ती मर्यादा, तुमच्या पावतीवरून हेक्टरी ५६,००० दिसतेय. शेतकरी हिस्सा म्हणजे विम्याच्या हप्त्यातला तुमचा वाटा, खरिपात विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५. कंपनीचा हप्त्याचा खरा दर त्याहून जास्त असला तर वरचा फरक केंद्र आणि राज्य भरतं. मधे १ रुपयात विमा होता तेव्हा हा हिस्सासुद्धा राज्यच भरायचं, ते खरीप २०२५ पासून बंद झालं.

विमा क्षेत्र घटक म्हणजे सोयाबीनसारख्या मुख्य पिकाला तुमचं महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा मिळून केलेला सरकारी गट. भरपाई तुमच्या रानावर ठरत नाही, मंडळाच्या सरासरीवर ठरते, हे वडिलांना दोनदा वाचून दाखवा.

उंबरठा उत्पन्न असं काढतात: मंडळाच्या मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने (सरासरीचा जेवढा भाग विम्यात धरतात तो, इथे ७० टक्के) गुणायचं. समजा (आकडे माझ्या मनचे) ती सरासरी हेक्टरी १,३०० किलो आली, तर उंबरठा ९१० किलो. यंदा मंडळात सरासरी ७२८ निघाली तर घट १८२ ची, म्हणजे ९१० च्या २० टक्के, म्हणून ४४,८०० चे २० टक्के, ८,९६० मिळतील. आणि मंडळाची सरासरी ९५० निघाली तर शून्य, मग तुमचं अख्खं रान वाहून गेलेलं असो.

तिफण:
शून्य कसं काय? मागे तर ७२ तासांत अॅपवर फोटो टाकून तक्रार करायचो, कंपनीचा माणूस येऊन बघून जायचा, त्यावर पैसे पण मिळालेत आम्हाला.

बांधावरचा बाभूळ:
मिळालेत, बरोबर. ते स्थानिक आपत्ती (फक्त आपल्या रानाचं नुकसान) आणि काढणीपश्चात नुकसान (कापून ठेवलेलं पीक खराब होणं) या कलमांतून मिळायचे. महाराष्ट्राने खरीप २०२५ ला ती कलमं काढली, फक्त पीक कापणी प्रयोगातून येणारं उत्पन्न ठेवलं आणि नेमका त्याच सप्टेंबरला मराठवाडा पाण्यात गेला. माझ्या मते हप्ता घेऊन हेच कलम काढणं म्हणजे छत्री विकून काड्या काढून घेणं आहे, पण असो, तो राजकारणाचा विषय होईल.

धागाकर्ता:
म्हणजे आमच्या रानाला काहीच अर्थ नाही? पीक कापणी प्रयोग म्हणजे नक्की काय, आमच्याकडे तर कुणीच आलं नाही.

कुंदा:
सगळ्यांकडे येत नाहीत. मंडळातली काही गावं आणि त्यातले गट नंबर चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात, निवडलेल्या रानात ठराविक मापाचा चौकोन आखून तेवढंच पीक कापून, मळून वजन करतात. माझा भाऊ कृषी सहाय्यक आहे (आता सहाय्यक कृषी अधिकारी म्हणायचं!), तो सांगतो की प्रयोगाच्या वेळी कंपनीचा प्रतिनिधी हजर असतो पण गावकरी फिरकत पण नाहीत आणि नंतर आकडा चुकीचा म्हणून ओरडतात. पुढच्या हंगामात तुमच्या गावात प्रयोग लागला तर वडिलांना तिथे उभं राहायला सांगा. ई-पीक पाहणीत (रानात कोणतं पीक आहे त्याची अॅपवरची सरकारी नोंद) सोयाबीनच लागलंय ना तेही बघून घ्या, पावतीवर एक पीक आणि पाहणीत दुसरं असलं की अर्ज अडकतो.

धागाकर्ता:
पाहणीत सोयाबीनच आहे. शेजारच्या गावात पाहुण्यांना मागच्या वर्षी पैसे आले आणि आम्हाला नाही, रान बांधाला बांध लागून आहे. ते मंडळामुळेच का?

बांधावरचा बाभूळ:
त्यांचं गाव दुसऱ्या मंडळात असेल तर असू शकतं, उंबरठा पण वेगळा आणि सरासरी पण. नाहीतर मागच्या वर्षी ती तक्रारीची कलमं चालू होती, त्यातूनही आले असतील. तालुका कृषी कार्यालयात जाऊन मंडळाचं उंबरठा उत्पन्न आणि यंदाचं सरासरी उत्पन्न एवढे दोनच आकडे मागा, बाकी गणित वर दिलंय. अर्जाची स्थिती १४४४७ वर फोन करून कळते, पावतीवरचा अर्ज क्रमांक जवळ ठेवा.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. वडिलांना वाचून दाखवलं, म्हणाले मग ह्याला मंडळाचा विमा म्हणा, माझा कशाला म्हणता. शनिवारी गावी जातोय तेव्हा तालुक्याला चक्कर मारतो.

तिफण:
आमची सोयाबीनमध्ये तूर होती, तिचं यातच धरतात का?

कुंदा:
नाही, तुरीचा उंबरठा वेगळा, कापणी प्रयोग पण तिची काढणी होईल तेव्हा. पावतीवर तुरीची वेगळी ओळ आहे का ते बघा आधी.