अ‍ॅक्सोलोटलचा भाऊबंद
सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीतला उभयचर प्राणी) म्हटलं की सगळी चर्चा मेक्सिकोतल्या अ‍ॅक्सोलोटलभोवतीच फिरते, म्हणून त्याच्या एका भाऊबंदाची भर घालतो: अचोके. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं पात्स्कुआरो तळं सोडलं तर निसर्गात हा सॅलमँडर कुठेच नाही. अ‍ॅक्सोलोटलसारखाच हाही जन्मभर पोरच राहतो. वयात येतो, पिल्लावळ होते, पण डोक्यामागचे कल्ले काही झडत नाहीत आणि पाणी सुटत नाही. ते कल्ले बघण्यासारखे, अगदी दाट झालरच!

सांडपाणी, डोंगरउतारावरून येणारा गाळ आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प, ब्लॅक बास हे मासे यांनी त्याची पार वाट लावली.

खरी गंमत पुढेच आहे. तिथल्या डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या मठातल्या नन्स अचोकेपासून खोकल्याचं औषध बनवतात. तळ्यातून अचोके मिळेनासे झाले, तेव्हा बायांनी मठातच टाक्या मांडून पैदास सुरू केली! आज ब्रिटनच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाचे तज्ज्ञ त्यांच्यासोबत काम करतात. त्या औषधाने खोकला जातो का, याबद्दल मला शंकाच आहे. पण त्यापायी अचोके तगून आहे. आता ते परत सोडायचे तर आधी तळं निस्तरायला हवं, आणि ते काही मठाच्या हातात नाही.